'मास्टर ऑफ पपेट्स' विरुद्ध '७२ सीझन्स': मामांचं बरोबर की भाच्याचं?

प्रश्न थोडक्यात असा. सहकारनगरमधल्या एका मामा-भाच्यांचं मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडवरून बिनसलंय. मामा कॅसेटवर वाढलेले. त्यांच्या मते १९८६चा 'मास्टर ऑफ पपेट्स' हा कळस, १९९१चा काळा अल्बम म्हणजे उताराची सुरुवात, आणि पुढची सगळी नुसती दुकानदारी. भाचा २०२२ साली 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेतून बँडपर्यंत पोचला. २०२३चा '७२ सीझन्स' त्याला मनापासून आवडतो, आणि मामा तो अर्ध्यात बंद करतात. मित्रमंडळी वयाप्रमाणे दोन्ही बाजूंना वाटली गेलीत. भाच्याने विचारलंय: नवा अल्बम खरंच कमी दर्जाचा आहे, की मामांना फक्त त्यांचं कॉलेज आठवतंय? आणि जाता जाता, रेकॉर्डिंग जुनं चांगलं की नवं? मामा म्हणतात तशी रेकॉर्ड विकत घ्यावी का?

मी पुण्यात मास्टरिंगचं काम करतो. गाणं रेकॉर्ड होऊन मिक्स झालं की लोकांपर्यंत जाण्याआधी ज्या शेवटच्या टेबलावर येतं, ते टेबल माझं. दिवसा कीर्तन, भावगीतं, नाटकांची संगीतं. संध्याकाळनंतर मेटल वाजवणारी पोरं. त्या पोरांतला जवळजवळ प्रत्येक जण रेफरन्स म्हणून १९८६चाच अल्बम घेऊन येतो, त्यामुळे तुमचं भांडण माझ्या ओळखीचं आहे.

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना फक्त पैज जिंकायची आहे त्यांची सोय होईल. '७२ सीझन्स' वाजवण्यात कमी पडत नाही. आवाजात कमी पडत नाही. गाणी लांबली हा आरोपही हिशेबात टिकत नाही. तो कमी पडतो काटछाटीत. बारा गाण्यांतली चार कुणीतरी बाहेर ठेवायला हवी होती. मामांना काहीतरी खटकतंय हे खरं आहे. त्यांनी लावलेलं कारण तेवढं खरं नाही.

पण तिथवर जाण्याआधी एक अट. दोन रेकॉर्डिंगची तुलना करायची तर दोन्हींच्या आवाजाची पातळी आधी सारखी करायची. हे केल्याशिवाय मी स्टुडिओत कुणाचं मत ऐकूनच घेत नाही. एखाद-दुसऱ्या डेसिबलने वाढलेला आवाज कानाला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. बेस भरदार वाटतो, सिंबल चमकतात, गाणारा जवळ येऊन गातोय असं वाटतं. फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, वर सरकवलाय हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

तुमच्या घरात तर गोंधळ त्याहून जास्त आहे. मामांच्या कानात जो जुना अल्बम बसलाय तो १९८६च्या मूळ मास्टरवरून निघालेल्या कॅसेटचा. तीसुद्धा कुणाच्या तरी कॅसेटवरून उतरवलेली असण्याची शक्यता बरीच. तुम्ही स्ट्रीमिंगवर ऐकता ती २०१७ साली रीमास्टर झालेली, म्हणजे जुन्या टेपवरून नव्याने मास्टरिंग केलेली आवृत्ती. म्हणजे ज्या अल्बमबद्दल तुम्हा दोघांचं एकमत आहे, तोसुद्धा तुम्ही वेगवेगळा ऐकलाय. त्यात स्पॉटिफाय आपणहून सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) या पातळीला आणून ठेवतं, आणि घरातल्या सीडी प्लेयरला असलं काही ठाऊक नसतं. तिथे २०२३चा अल्बम १९८६च्या सीडीनंतर लावला की तो अंगावरच येतो, आणि मामा म्हणतात, 'बघ, नुसता गोंगाट.'

उपाय सोपा आहे. दोन्ही अल्बम एकाच ठिकाणाहून, एकाच हेडफोनवर लावा. दोन्हींतला फक्त ऱ्हिदम गिटार आणि ड्रम चाललेत असा भाग निवडा, आणि जास्त मोठ्याने येणाऱ्या अल्बमचा आवाज एवढा खाली आणा की स्नेअरचा, म्हणजे तडतडणाऱ्या छोट्या ड्रमचा ठोका दोन्हीकडे सारखा वाटेल. मग आलटून पालटून वीस-वीस सेकंद ऐका. एका गाण्याच्या सोलोची तुलना दुसऱ्याच्या अंतऱ्याशी करायची नाही. हे एवढं केलं तरी भांडणाचा बराच भाग निवळतो, असा माझा अनुभव आहे.

मोठ्या आवाजाच्या हव्यासाचं सगळ्यात बदनाम उदाहरण याच बँडचं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. २००८ साली 'डेथ मॅग्नेटिक' आला. निर्माता रिक रुबिन. गाणी चांगली होती. कित्येक जुन्या चाहत्यांना वाटलं की आपला बँड परत आला. पण सीडी लावली की ड्रमचा प्रत्येक जोराचा ठोका चरचरायचा. मिक्स करतानाच आवाज इतका दाबून वर ढकलला होता की लाटेचे शेंडे सपाट कापले गेले होते. सपाट झालेला शेंडा म्हणजे विकृती, आणि ती एकदा मिक्समध्ये शिरली की माझ्यासारख्याच्या टेबलावर येऊन बरी होत नाही. त्या अल्बमचे मास्टरिंग इंजिनिअर टेड जेन्सन यांनी एका चाहत्याला कळवलंही होतं की मिक्स त्यांच्याकडे पोचले तेव्हाच तसे होते.

गंमत अशी की तीच गाणी 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेमसाठीही दिली गेली. गेमसाठी वाद्यं वेगवेगळी द्यावी लागतात, त्यामुळे तिथे तो शेवटचा दाब पडलाच नव्हता. चाहत्यांनी गेममधून आवाज उतरवून घेतला आणि सीडीशेजारी ठेवला. गेममधली गाणी सरळसरळ जास्त चांगली वाजत होती. अल्बम पुन्हा मिक्स करा म्हणून हजारो लोकांनी सह्या केल्या. गाणी तीच, हात तेच, आणि एक आवृत्ती कान दुखवणारी तर दुसरी ऐकण्यासारखी. तेव्हा 'मेटॅलिकाचा नवा आवाज वाईट' असं मामा म्हणाले की त्यांना विचारा, कुठल्या सालचा? २००८चा म्हणत असतील तर मी त्यांच्या बाजूला बसतो. २००३च्या 'सेंट अँगर'चा म्हणत असतील तरी बसतो. स्नेअरखालच्या तारा सैल सोडल्यामुळे त्यावर पत्र्याचा डबा बडवल्यासारखा आवाज आहे, आणि अख्ख्या अल्बममध्ये गिटारचा एक सोलो नाही.

'७२ सीझन्स' त्या रांगेतला नाही. आवाज मोठा आहे, आजकाल सगळ्याचाच असतो, पण स्नेअरला शरीर आहे, आणि रॉबर्ट त्रुहियोचा बेस गिटारच्या खाली स्वतंत्र ऐकू येतो. या बँडच्या बाबतीत बेस ऐकू येणं ही साधी गोष्ट नाही. मामांच्या सोनेरी काळातल्या १९८८च्या '...अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये जेसन न्यूस्टेडचा बेस जवळजवळ गायब आहे. मिक्स करणाऱ्यांपैकी स्टीव्ह थॉम्पसन यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं की तो खाली ओढायला बँडकडूनच सांगण्यात आलं होतं. एखाद्या नव्या पोराने मला आज तसा मिक्स आणून दिला तर मी परत पाठवीन. पण मामांना विचारा, त्यांनी त्यापायी तो अल्बम कधी टाकून दिला का? नाही. म्हणजे रेकॉर्डिंगच्या दर्जावर त्यांचं प्रेम कधी अवलंबून नव्हतं.

आणखी एक. २०११च्या ३० ऑक्टोबरला बँड बंगळूरच्या पॅलेस ग्राउंडवर वाजवून गेला. दोन दिवस आधीचा गुडगावचा कार्यक्रम गोंधळामुळे रद्द झाला होता, त्यामुळे बंगळूरला दुप्पट जीव लागला होता. पुण्याहूनही पोरं गेली होती. मामा गेले असतील तर त्यांचा घसा चार दिवस बसला असणार. त्यांना सांगा की नव्वदच्या दशकापासून हा बँड प्रत्यक्ष कार्यक्रमात गिटारी अर्धा स्वर खाली लावून वाजवतो. म्हणजे 'मास्टर ऑफ पपेट्स' त्यांनी तिथे रेकॉर्डपेक्षा अर्धा स्वर उतरलेलं ऐकलं. तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

तर आवाजाचा मुद्दा बाजूला ठेवू. आता लांबीचा हिशेब.

१९८६च्या अल्बममध्ये आठ गाणी, सुमारे ५५ मिनिटं. २०२३च्या अल्बममध्ये बारा गाणी, ७७ मिनिटं. भागाकार करा. जुन्या अल्बमचं सरासरी गाणं पावणेसात मिनिटांच्या थोडं पुढे जातं, नव्याचं साडेसहाच्या अलीकडे राहतं. गाणी तेव्हाच जास्त लांब होती! शीर्षकगीत ८ मिनिटं ३५ सेकंदांचं आहे, 'ओरायन' तर गाण्यावाचून नुसत्या वाद्यांवर साडेआठ मिनिटांच्या आसपास चालतं. मामांना त्यातलं एकही लांब वाटत नाही, आणि नव्यातलं सात मिनिटांचं 'यू मस्ट बर्न' मात्र संपता संपत नाही. मलाही वाटत नाही आणि मलाही संपत नाही. हे का, यातच सगळी मेख आहे.

'मास्टर ऑफ पपेट्स' हे गाणं हातात पेन्सिल घेऊन ऐका आणि जिथे काही बदलतं तिथे रेघ मारा. सुरुवातीचा सरसर खाली उतरणारा रिफ, म्हणजे परत परत येणारी गिटारची छोटी सुरावट. मग गायनाखालचा रिफ, ज्यात चार-चारच्या चालीत एक आवर्तन मध्येच आखूड पडतं; सम तुमच्या अपेक्षेच्या जराशी आधी येते आणि मान हलवणाऱ्याचा ठेका चुकतो. ध्रुवपद. साडेतीन मिनिटांच्या सुमारास सगळं अचानक शांत. स्वच्छ गिटार, एकमेकींच्या हातात हात घालून चालणाऱ्या दोन गिटारी, आणि गायक-गिटारिस्ट जेम्स हेटफिल्डचा स्वतःचा गाता सोलो. तिथून संथ आणि जड भाग, ज्यावर मैदानं ओरडतात. मग दुसरा गिटारिस्ट कर्क हॅमेटचा वेगवान सोलो, आणि परत मूळ रिफ. साडेआठ मिनिटांत तुम्ही चार-पाच खोल्यांतून फिरून येता. प्रत्येक खोली पुढच्या खोलीचं दार उघडून देते, म्हणून घड्याळाकडे लक्ष जात नाही.

आता तीच पेन्सिल 'स्लीपवॉक माय लाइफ अवे'वर चालवा. सहा मिनिटं छप्पन्न सेकंद. रिफ चांगला आहे, बेसने होणारी सुरुवात चांगली आहे, हेटफिल्डचा उजवा हात अजूनही यंत्रासारखा आहे. पण तीन मिनिटांनंतर रेघा मारायला फारसं काही उरत नाही. वेग तोच, रंग तोच, आणि जो रिफ चारदा पुरेसा होता तो आठदा येतो. सात मिनिटांचं गाणं लांब असतं असं नाही. चार मिनिटांचा मजकूर सात मिनिटं चालला की ते लांब होतं.

हे घडलं कसं, याची कारणं पिढीच्या दमात शोधण्यापेक्षा कामाच्या पद्धतीत शोधावी असं मला वाटतं. १९८५ साली चार पोरं एका खोलीत बसून गाणी बसवत होती. हेटफिल्ड आणि ड्रमर लार्स उल्रिक विशी ओलांडून जेमतेम वर्ष-दोन वर्षं झालेली. बेसवर क्लिफ बर्टन, ज्याचं संगीतशास्त्र इतरांपेक्षा पक्कं होतं. दोन गिटारींच्या सुरावटी एकमेकींवर कशा बसवायच्या हे त्याच्याकडून शिकल्याचं हेटफिल्डने सांगितलंय. बहुतेक गाणी आधी घरी बसवून मग ते कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत फ्लेमिंग रासमुसेनकडे गेले. टेपवर रेकॉर्डिंग, स्टुडिओचं भाडं चालू. ब्लेडने टेप कापून जोडता यायची, पण 'बघू, हा भाग आणखी दोनदा घेऊ, नंतर ठरवू' ही चैन परवडणारी नव्हती. आणि समोर एलपीची, म्हणजे रेकॉर्डच्या तबकडीची मर्यादा. एका बाजूला २२-२३ मिनिटं हे मास्टरिंगवाल्याचं सुखाचं माप. ५५ मिनिटं दोन बाजूंत बसवताना खोबण्या दाटीने कापाव्या लागतात आणि आवाजाची पातळी खाली आणावी लागते. नववं गाणं सुचलं असतं तरी त्याला जागा नव्हती.

१९८६च्या २७ सप्टेंबरला स्वीडनमध्ये बस उलटून बर्टन गेला. 'ओरायन' ऐकताना मामांच्या डोळ्यांत पाणी येत असेल तर ते नुसतं कॉलेजच्या आठवणीचं नाही. त्या पद्धतीने गाण्यात खोल्या बांधणारा माणूस बँडला परत मिळाला नाही, हा मामांचा मुद्दा मी बिनशर्त मान्य करतो.

'७२ सीझन्स'चं काम २०२१ आणि २०२२मध्ये झालं. महासाथीमुळे सुरुवातीला माणसं वेगवेगळ्या घरांत, कल्पना इंटरनेटवरून. बँडकडे वर्षानुवर्षांच्या सरावात रेकॉर्ड करून ठेवलेल्या रिफचा मोठा साठा असतो. उल्रिक तो चाळतो आणि गाण्यांचे सांगाडे तयार होतात. संगणकावर रिफ उचलून पुढे चिकटवायला एक सेकंद लागतो, आणि बाहेर काढायला मात्र कुणाचं तरी मन मोडावं लागतं. हे मी रोज बघतो. नऊ मिनिटांचं गाणं घेऊन आलेल्या पोरांना मधली दोन मिनिटं काढा म्हटलं की ती माझ्याकडे अशी बघतात की जणू मी त्यांच्या गिटारची मान कापायला सांगितलीय.

निर्मात्याने कापायला नको होतं का? हा प्रश्न मला वाटतो तितका सरळ नाही. नव्या अल्बमवर ग्रेग फिडेलमनबरोबर हेटफिल्ड आणि उल्रिक स्वतःच निर्माते आहेत, आणि स्वतःच्या गाण्याला स्वतः कात्री लावणं कठीण, असं म्हणायला मोह होतो. पण १९८६ला तरी वेगळं काय होतं? तेव्हाही रासमुसेनबरोबर बँड स्वतःच निर्माता होता. 'नाही' म्हणणारा बाहेरचा माणूस ठळकपणे दिसतो तो १९९१ला, काळ्या अल्बमचा निर्माता बॉब रॉक, आणि त्याच्याशी बँडची बरीच झटापट झाली. त्यामुळे माझा संशय माणसांपेक्षा मापावर आहे. १९९६चा 'लोड' बघा: चौदा गाणी, ७८ मिनिटं ५९ सेकंद. सीडी भरेपर्यंत भरली. इतकी की शेवटचं 'द आउटलॉ टॉर्न' सीडीत बसवण्यासाठी आखूड करावं लागलं आणि पूर्ण गाणं पुढे दुसऱ्या सिंगलबरोबर काढलं. तेव्हापासून स्वतःच्या गाण्यांचा यांचा प्रत्येक स्टुडिओ अल्बम ७४ मिनिटांच्या वर आहे. सीडी गेली, स्ट्रीमिंग आलं, जिथे मापच नाही, तरी ती सवय राहिली.

(अल्बमच्या नावातले ७२ ऋतू म्हणजे आयुष्याची पहिली १८ वर्षं, वर्षाला चार ऋतू. आपल्या सहा ऋतूंच्या पंचांगाने १०८ झाले असते. मामांना हे सांगा, वातावरण हलकं होईल.)

शब्दांबद्दल दोन वाक्यं पुरेत. हेटफिल्डची आई तो सोळा वर्षांचा असताना गेली. पहिल्या अठरा वर्षांत जे अंगावर चढतं त्याबद्दल साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस गातोय, आणि गातोय हे महत्त्वाचं, कारण १९८६ला तो ओरडत होता. आवाज उतरला असं म्हणणाऱ्यांनी 'इनामोराटा' नीट ऐकावं.

सोलोंबद्दल मात्र मी मामांच्या बाजूला आहे, आणि इथे पुण्यातल्या श्रोत्याला एक गोष्ट पटकन कळेल. कर्क हॅमेटने सांगितलंय की या अल्बमवर त्याने सोलो आधी बांधले नाहीत, टेपवर उत्स्फूर्त वाजवत गेला आणि त्यातून निवड झाली. आपल्याकडे उत्स्फूर्ततेला मोठा मान. सवाईच्या मांडवात बसून आपण तेच शोधत असतो. पण तिथे गवयाकडे तासभर असतो. रागाचा विस्तार करायला, चुकायला, परत यायला जागा असते. इथे हॅमेटकडे जेमतेम अर्धा मिनिट. तेवढ्यात उत्स्फूर्त वाजवणारा माणूस हाताला सवय असलेल्या जागांवरच जातो, आणि वा-वा पेडल (गिटारला 'वा-वा' असा आवाज देणारं पायातलं पेडल) दाबतो. १९८६चे त्याचे सोलो घरी बांधून आणलेले होते, म्हणून ते आजही शिट्टीवर वाजवता येतात. नव्या अल्बममधला एखादा मला असा शिट्टीवर वाजवून दाखवा.

आता भाच्याच्या बाजूने एक गोष्ट, जी मामा सोयीस्कर विसरतात. जुने अल्बम आपल्याकडे चाळून येतात. १९८४च्या 'राइड द लाइटनिंग'मधलं 'एस्केप' हे गाणं बँडने मंचावर पहिल्यांदा वाजवलं २०१२ साली. अठ्ठावीस वर्षं त्यांना स्वतःलाच ते वाजवावंसं वाटलं नाही. 'ओरायन' अख्खं मंचावर आलं २००६ला. मामांच्या आठवणीत त्या काळातली दहा-बारा गाणी आहेत, आणि त्यांची तुलना ते नव्या अल्बमच्या बाराच्या बारा गाण्यांशी करतायत. चाळलेल्या धान्याशी न चाळलेलं पोतं तोलणं झालं हे. मग नवं पोतंही चाळू.

मी चाळलंय ते असं. मूळ क्रम तोच ठेवायचा, फक्त चार गाणी काढायची: 'स्लीपवॉक माय लाइफ अवे', 'यू मस्ट बर्न', 'क्राउन ऑफ बार्ब्ड वायर' आणि 'चेसिंग लाइट'. बघा, ही अल्बमची चौथी, पाचवी, सातवी आणि आठवी आहेत. म्हणजे चरबी सगळी पोटात साचलीय, आणि तिच्या बरोबर मधोमध 'लक्स इटर्ना' हे साडेतीन मिनिटांच्या आतलं तुफान अडकून पडलंय. मामा अल्बम अर्ध्यात बंद करतात असं तुम्ही म्हणालात. कुठे बंद करतात ते मला न सांगता कळलं. सावकाश चालीची दोन गाणी लागोपाठ आली की पन्नाशीचा माणूस चहा टाकायला उठणारच.

उरतात आठ: '७२ सीझन्स', 'शॅडोज फॉलो', 'स्क्रीमिंग सुइसाइड', 'लक्स इटर्ना', 'इफ डार्कनेस हॅड अ सन', 'टू फार गॉन', 'रूम ऑफ मिरर्स', 'इनामोराटा'. साधारण ५० मिनिटं. आता दोन्ही बाजूंना आठ-आठ गाणी आहेत आणि वेळही जवळपास सारखी. या रूपात हा अल्बम मला १९९१नंतरचा त्यांचा सगळ्यात चांगला अल्बम वाटतो. 'मास्टर ऑफ पपेट्स'च्या शेजारी बसेल का? नाही. पण एकाच मैफलीत दोन्ही ऐकायला लाज वाटणार नाही.

'इनामोराटा'बद्दल वेगळं बोलायला हवं. ११ मिनिटं १० सेकंद, या बँडच्या स्वतःच्या अल्बममधल्या स्वतःच्या गाण्यांतलं सगळ्यात लांब गाणं, आणि अल्बममधलं सगळ्यात कमी लांब वाटणारं. कारण इथे खोल्या आहेत. मध्यावर सगळं थांबतं, बेस एकटा चालत राहतो, ड्रम हळूच सोबतीला येतात, मग दोन गिटारी जुन्या पद्धतीने एकमेकींत गुंफतात. मामांना आंधळी चाचणी द्यायची असेल तर नाव न सांगता हा मधला भाग ऐकवा, पातळी सारखी करून. आणि त्याच बैठकीत तुम्हीही 'मास्टर ऑफ पपेट्स'मधलं 'लेपर मसाया' ऐका, त्याला तेवढीच कडक पेन्सिल लावा. सोनेरी अल्बममध्येसुद्धा मधे कुठे जरा खाली बसल्यासारखं होतं, ते तुम्हालाच दिसेल.

राहिला रेकॉर्डचा प्रश्न. '७२ सीझन्स' दोन तबकड्यांवर येतो. एका बाजूला वीस मिनिटांच्या आसपास, म्हणजे कापणाऱ्याला ऐसपैस जागा. त्यामुळे तो एलपीवर छान वाजतो, पण त्यात जादू काही नाही, आणि जास्तीची चार गाणी तिथेही आहेतच. फक्त सुई उचलून पुढे ठेवण्याचं काम वाढतं. घ्यायचीच असेल तर १९८६चा अल्बम रेकॉर्डवर घ्या, रीमास्टर झालेली आवृत्ती चालेल. जुन्या बाजारात कुणी 'ओरिजनल' म्हणून हातात ठेवली तर आधी तबकडी उजेडात तिरपी धरून चरे बघा, मग मधल्या कागदाजवळच्या गुळगुळीत भागावर कोरलेली अक्षरं बघा, आणि किंमत त्यानंतर विचारा. सूटकेससारख्या दिसणाऱ्या स्वस्त प्लेयरवर मात्र ती लावू नका. त्याची सुई जड बसते आणि खोबणी खाते. मामांच्या माळ्यावर त्यांचा जुना टर्नटेबल असेल तर बेल्ट आणि सुई बदलून घ्या, नव्या प्लेयरच्या पैशांत ते काम होऊन जाईल, आणि तो चालू करून दाखवायला मामा स्वतः येतील.